रोमच्या पोटातली मंडळी

पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा त्याने रोम पाहिलेही नव्हते. इ. स. ५७ च्या सुमारास, बहुधा करिंथ शहरात मुक्काम असताना, त्याने ते तर्तियाकडून लिहून घेतले. शेवटच्या अध्यायात तो फीबी नावाच्या बाईची शिफारस करतो. पत्र रोमला घेऊन जाणारी तीच असावी, असे अभ्यासक मानतात. त्या सोळाव्या अध्यायात पुढे नावेच नावे आहेत आणि बायबल वाचणारे बहुतेक जण ती भराभर मागे टाकतात. राहुट्या बनवण्याचा धंदा करणारे अक्विला आणि प्रिस्का, त्यांच्या घरी जमणारी मंडळी, अंप्लियात, उर्बान, पर्सिस, त्रुफैना आणि त्रुफोसा, रूफ आणि त्याची आई. यांतली बरीच नावे त्या काळच्या रोममध्ये गुलामांची किंवा गुलामीतून सुटलेल्यांची म्हणून ओळखली जात. कोणी पूर्वेकडून आलेले, कोणी यहुदी, कोणी मोठ्या घरातले नोकर. पौल येण्यापूर्वीच ही मंडळी रोममध्ये होती. तिच्याजवळ चर्चची इमारत नव्हती, जमीन नव्हती, एकही शिलालेख नव्हता.

प्रस्तुत पुस्तक या माणसांच्या शोधात रोममध्ये फिरते. सम्राटांचे रोम आणि पोपमहोदयांचे रोम या दोन्हींवर मराठीत थोडेफार वाचायला मिळते. या दोहोंच्या मधले, पहिल्या चार शतकांतले, साध्या ख्रिस्ती माणसांचे रोम मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. ते बघायचे तर बऱ्याचदा जमिनीखाली उतरावे लागते आणि उतरताना मनातली काही चित्रे वरच ठेवून जावी लागतात.

पहिले चित्र कोलोसियमचे. नेरोच्या काळात ख्रिस्ती लोकांना तिथे सिंहांपुढे टाकले, असे अनेकांना वाटते. नेरोने ख्रिस्ती लोकांचा छळ केला तो इ. स. ६४ च्या जुलैमध्ये रोमला लागलेल्या भीषण आगीनंतर; टॅसिटस या इतिहासकाराने तो वर्णन केला आहे. कोलोसियम खुले झाले इ. स. ८० मध्ये, नेरोच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. नेरोने हे क्रौर्य केले ते टायबर नदीपलीकडे, आज व्हॅटिकन आहे त्या भागातल्या त्याच्या बागांमध्ये आणि रथशर्यतीच्या मैदानात. पुढच्या काळात कोलोसियममध्ये ख्रिस्ती माणसे मारली गेली असतील, पण केवळ श्रद्धेपायी अमुक जण अमुक दिवशी तिथे मारला गेला असे ठामपणे सांगणारा समकालीन पुरावा हाती नाही. या इमारतीला हुतात्म्यांचे पवित्र स्थान म्हणून मान मिळाला तो प्रामुख्याने अठराव्या शतकात, पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्यामुळे. गुड फ्रायडेच्या रात्री पोप तिथे क्रूसाच्या वाटेची भक्ती करतात, ती मनाला भिडतेच. पण हुतात्म्यांच्या शोधात निघालेल्या माणसाने तिथे अर्धा दिवस घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे चित्र अधिक हट्टी आहे. सम्राटाच्या शिपायांना चुकवून भुयारांत लपलेले, पणतीच्या उजेडात उपासना करणारे, तिथेच राहणारे ख्रिस्ती. हेन्रिक शेन्कीविच यांच्या ‘क्वो व्हादिस’ या १८९६ सालच्या कादंबरीने आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांनी त्या काळाच्या अशा कल्पना घराघरात पोचवल्या. कॅटाकोंब, म्हणजे ही भुयारे, ही लपण्याची जागा कधीच नव्हती. तिचे रस्ते शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, जिने उघड्यावर होते, मालकीची नोंद होती. आत हवा कोंदट, कुजणाऱ्या प्रेतांचा वास. तिथे कुटुंबे बिऱ्हाड करून राहणे अशक्यच. ही भुयारे म्हणजे दफनभूमी. आप्तांना मूठमाती द्यायला, वर्षश्राद्धासारख्या स्मरणदिनी एकत्र जेवायला आणि प्रार्थना करायला लोक तिथे येत आणि संध्याकाळी घरी परतत.

मग खऱ्या त्रासाचे स्वरूप काय होते? त्याचा एक नमुना पालातिनो टेकडीवरच्या संग्रहालयात आहे. तिथे भिंतीच्या गिलाव्याचा एक तुकडा ठेवला आहे. राजवाड्यातल्या तरुण नोकरांना जिथे शिकवले जाई त्या इमारतीत १८५७ साली तो सापडला. टोकदार वस्तूने ओरखडून काढलेले चित्र आहे. क्रूसावर टांगलेला माणूस, त्याला गाढवाचे डोके. डावीकडे हात उंचावून उभा असलेला एक तरुण. खाली वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिले आहे, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. साधारण इ. स. २०० च्या आसपासचे हे चित्र असावे. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे आपल्याला ठाऊक असलेल्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते एका टवाळखोराने काढलेले आहे. सोबतच्या पोरांनी अलेक्सामेनोसला रोज किती छळले असेल याचा अंदाज या ओरखड्यांवरून येतो. शेजारच्या खोलीतही त्याचे नाव आढळले, लॅटिनमध्ये, ‘श्रद्धावंत’ या विशेषणासह. ते त्याने स्वतः लिहिले की मित्राने, ते आता कोण सांगणार? सिंहाच्या जबड्यात जाणारे थोडे होते. अलेक्सामेनोससारखे, चेष्टा सोसत काम करणारे, असंख्य होते.

आता त्या दफनभूमींकडे वळू. रोमचा फार जुना कायदा होता की शहराच्या हद्दीत कोणालाही पुरायचे नाही, जाळायचे नाही. म्हणून शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी उभी राहिली. इ. स. पूर्व ३१२ मध्ये बांधायला घेतलेला आप्पियाचा रस्ता त्यांत सर्वांत मानाचा. श्रीमंतांची थडगी वर, रस्त्यालगत. गरिबांना वर जमीन परवडणारी नव्हती, पण खाली खोदता येत होते, कारण रोमभोवतीची जमीन ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तूफा या दगडाची आहे. आपल्या सह्याद्रीतली लेणी कोरणाऱ्यांना बेसॉल्टशी पिढ्यान् पिढ्या झुंजावे लागले. तूफा मात्र कुदळीने सहज कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. एका माणसाने साधी कुदळ आणि पणती घेऊन रोज थोडे पुढे जावे, अशी ही कामगिरी. सान कालिस्तो या एकाच कॅटाकोंबमधले बोळ सुमारे वीस किलोमीटर भरतात आणि ते एकाखाली एक असे चार थरांत आहेत.

बोळाच्या दोन्ही भिंतींत खालपासून वरपर्यंत आडवे खण कोरलेले. प्रेताला कापडात गुंडाळून खणात ठेवत, विटांच्या कौलांनी किंवा संगमरवरी फरशीने तोंड बंद करत आणि चुन्याने सांधे लिंपून घेत. ज्यांना नाव कोरून घेणे परवडत नसे ते ओल्या चुन्यातच काहीतरी दाबून ठेवत, नंतर आलो तर आपला खण ओळखू यावा म्हणून. नाणे, काचेच्या भांड्याचे बूड, मातीची पणती, शिंपला, क्वचित मुलाची बाहुली. यातले बरेच चोरीला गेले, पण चुन्यातले ठसे काही ठिकाणी अजून दिसतात. आणि लहान खण. वाटाड्या पुढच्या चित्राकडे बोट दाखवत असतो तेव्हा आपली नजर या वीतभर, हातभर लांबीच्या खणांवर खिळते. ते किती आहेत याचा हिशेब लागत नाही. जिथे शिलालेख आहेत तिथे वय वर्षे, महिने आणि दिवसांत लिहिलेले असते. आईबापांनी एकेक दिवस मोजलेला आहे.

या पुस्तकाचा मुख्य मुद्दा इथेच येतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे मोठेपण आपण रक्तात शोधतो. मला ते या खणांत दिसते. रोममध्ये गरीब मेला तर त्याचे प्रेत सामाईक खड्ड्यात जाण्याची भीती असे. वर्गणी भरून क्रियाकर्माची सोय करणारे संघ इतरांतही होते, पण ख्रिस्ती मंडळीने ही सोय ज्याला काहीच भरता येत नाही त्याच्यापर्यंत नेली. तर्तुल्लियन हा आफ्रिकेतला लेखक इ. स. २०० च्या आगेमागे सांगतो की आमच्याकडे प्रत्येक जण महिन्यातून एकदा, ऐपत असेल आणि इच्छा असेल तर, काही देतो आणि तो पैसा गरिबांना खाऊ घालण्यात आणि त्यांना मूठमाती देण्यात जातो. इ. स. २५१ मधले रोमचे बिशप कर्नेलियस यांचे एक पत्र युसेबियस या इतिहासकाराच्या ग्रंथात टिकून आहे. त्यात मंडळीचा हिशेबच आहे : ४६ वडील, ७ सेवक आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा व गरजू १५०० हून अधिक. शंभर-सव्वाशे वर्षांनी, इ. स. ३६२ मध्ये, जुने देव पुन्हा बसवू पाहणारा सम्राट ज्युलियन आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की या लोकांचा धर्म वाढला तो परक्यांवरची माया आणि मृतांच्या थडग्यांची काळजी यांमुळे. विरोधकाने दिलेल्या या साक्षीपेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

सान कालिस्तोला ज्याचे नाव आहे तो कालिस्त याच मंडळीचे अपत्य. त्याची हकिगत आपल्याला कळते ती त्याचा कडवा विरोधक हिप्पोलितस याच्याकडून, तेव्हा तीत विष किती आणि सत्य किती हे तोलूनच वाचावे लागते. तो गुलाम होता. धन्याने त्याला पेढी चालवायला दिली, ती बुडाली, तो पळाला, पकडला गेला, शिक्षा म्हणून जात्याला जुंपला गेला. पुढे सभास्थानात दंगा केल्याच्या आरोपावरून सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरीला गेला. सम्राट कोम्मोदसची रखेल मार्सिया ख्रिस्ती लोकांबद्दल सहानुभूती बाळगणारी होती. तिच्या मध्यस्थीने काही कैदी सुटले, त्यांत हाही. मग बिशप जेफिरिनसने त्याच्यावर आप्पियाच्या रस्त्यावरच्या दफनभूमीची व्यवस्था सोपवली आणि इ. स. २१७ मध्ये तो स्वतः रोमचा बिशप झाला. पुढची पाच वर्षे तो त्या पदावर राहिला. त्याने सांभाळलेल्या दफनभूमीला त्याचे नाव मिळाले, पण त्याला स्वतःला तिथे पुरलेले नाही. त्याची कबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, औरेलियाच्या रस्त्यावर होती. खाणीतून सुटून आलेल्या गुलामाला आपला प्रमुख निवडणारी संस्था त्या काळी दुसरी कोणती असेल तर मला ती माहीत नाही.

या दफनभूमींत रक्त सांडलेच नाही असे नाही. सम्राट वालेरियनने ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जमायला बंदी केली होती. इ. स. २५८ च्या ६ ऑगस्टला बिशप दुसरा सिक्स्तुस एका दफनभूमीत लोकांना उपदेश करत असताना पकडला गेला आणि तिथेच आपल्या काही सेवकांसह मारला गेला. त्याला सान कालिस्तोमधल्या एका लहानशा कोठडीत ठेवले. तिला आज पोपांची कोठडी म्हणतात. तिसऱ्या शतकातले रोमचे बिशप तिथे रांगेने ठेवलेले होते. पाच जणांच्या पाट्या सापडल्या आहेत आणि पाचही ग्रीक भाषेत आहेत, कारण रोमची मंडळी अजून लॅटिनपेक्षा ग्रीकमध्ये अधिक प्रार्थना करत होती. फाबियान या बिशपची पाटी जवळून बघावी. नाव आणि पद खोल, नीट कोरलेले. त्यापुढे ‘हुतात्मा’ या अर्थाची जोडाक्षरे मात्र उथळ आणि घाईची, कोणीतरी नंतर येऊन खरवडून घातलेली.

ही कोठडी जगाला पुन्हा दिसली ती जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या रोमच्या पुरातत्त्वज्ञामुळे. १८४९ मध्ये आप्पियाच्या रस्त्यालगतच्या एका द्राक्षमळ्यात त्याला संगमरवराचा फुटका तुकडा मिळाला. त्यावर ‘...नेलियस हुतात्मा’ एवढेच शिल्लक होते. हा कर्नेलियस असणार, म्हणजे सान कालिस्तोची खरी जागा याच मळ्याखाली असणार, हे त्याने ताडले. तोवर सगळे ती दुसरीकडे मानत होते. पोप नववे पायस यांनी मळा विकत घेतला. तीन वर्षांनी कर्नेलियसची कबर सापडली आणि पाटीचा उरलेला भागही. १८५४ मध्ये पोपांची कोठडी उघडली. दे रोस्सीच्या आधी अडीचशे वर्षे अंतोनिओ बोसियो नावाच्या विद्वानाने आयुष्यभर ही भुयारे धुंडाळली होती. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. या दोघांमधल्या काळात मात्र अनेकांनी इथे हाडे गोळा करण्याचाच उद्योग केला. जे प्रेत सापडेल ते हुतात्म्याचे ठरवून अवशेष युरोपभर वाटले गेले.

या घाईचे एक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. मैसूरला गेलेल्या प्रत्येकाने दोन उंच मनोऱ्यांचे सेंट फिलोमिनाचे चर्च पाहिलेले असते. १८०२ मध्ये सालारियाच्या रस्त्यावरच्या प्रिशिल्लाच्या कॅटाकोंबमध्ये एक खण उघडला. त्याचे तोंड मातीच्या तीन कौलांनी बंद केले होते आणि कौलांवर रंगाने अक्षरे होती. आहेत तशी वाचली तर त्यांचा अर्थ लागेना. पहिले कौल शेवटी नेले तेव्हा ‘फिलुमेना, तुला शांती असो’ असे वाक्य जुळले. आत एका तरुण मुलीची हाडे होती. तेवढ्यावरून हुतात्मा कुमारिकेची कथा उभी राहिली आणि भक्ती जगभर पसरली. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिले की उलटसुलट बसवलेली कौले बहुधा आधीच्या एखाद्या कबरीवरून काढून इथे पुन्हा वापरलेली असावीत. १९६१ मध्ये तिचा सण अधिकृत दिनदर्शिकेतून वगळला गेला. त्यामुळे लाखो लोकांची प्रार्थना खोटी ठरत नाही. पण कबरीतल्या मुलीचे नावही आपल्याला माहीत नाही, हे तिच्याविषयीच्या आदरापोटीच मान्य केले पाहिजे.

प्रिशिल्लामध्ये जावे ते तिथल्या चित्रांसाठी. पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या-हिरव्या रेघा आणि चारदोन फटकाऱ्यांत रंगवलेली माणसे. हात पसरून प्रार्थना करणारी स्त्री, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, माशाच्या पोटातून बाहेर पडणारा योना, सिंहांच्या गुहेतला दानिएल, भट्टीतले तीन तरुण. बाळाला मांडीवर घेतलेली एक स्त्री आहे. मरियेचे सर्वांत जुने चित्र म्हणून ती दाखवली जाते. एक गोष्ट लगेच ध्यानात येते : या सगळ्या सुटकेच्या कथा आहेत. क्रूस कुठेच नाही. ज्यांनी माणसे क्रूसावर तडफडताना रस्त्याच्या कडेला प्रत्यक्ष पाहिली होती त्यांना ते चित्र आपल्या मुलाच्या कबरीवर नको होते. क्रूसावरचा ख्रिस्त उघडपणे दिसू लागतो तो ती शिक्षा बंद पडल्यावर कितीतरी वर्षांनी. आव्हेंतिनो टेकडीवरच्या सांता साबिना चर्चला इ. स. ४३० च्या सुमाराचे कोरीव लाकडी दार आहे. त्याच्या मूळ २८ फलकांपैकी १८ उरले आहेत. त्यांतला वरचा, डाव्या कोपऱ्यातला छोटा फलक बघायला मान उंच करावी लागते. तिघे जण हात पसरून उभे. क्रूस जेमतेम सूचित केलेले.

सान सेबास्तियानोच्या कॅटाकोंबविषयी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९१५ मध्ये तिथल्या चर्चखाली एक भिंत सापडली. तिसऱ्या शतकात लोक इथे पेत्र आणि पौल यांच्या स्मरणार्थ जेवायला जमत आणि गिलाव्यावर आपली नावे ओरखडून, आमची आठवण ठेवा, असे दोघांना विनवत. अशा शेकडो ओळी आहेत, ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, आणि शुद्धलेखनाच्या चुकांसह. शिकलेल्या माणसांचे ग्रंथ आपल्याला हवे तितके मिळतात. इतक्या सामान्य लोकांचे स्वतःचे हस्ताक्षर फार दुर्मीळ.

शहरात परत येऊ. कोलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते आहे. एकच जागा बघायची असेल तर मी हीच सांगेन. रस्त्यावरून आत जावे तर बाराव्या शतकातले चर्च. घुमटीत सोनेरी मोझेइक, क्रूसावर बसलेली बारा कबुतरे आणि क्रूसाच्या बुंध्यातून निघून सगळीभर पसरलेली द्राक्षवेल. बाजूचा जिना उतरला की चौथ्या शतकातले चर्च, जेरोमने इ. स. ३९२ च्या सुमारास ज्याचा उल्लेख केला ते हेच. भिंतीवर अकराव्या शतकातली एक गमतीदार चित्रकथा आहे. चर्चला ज्याचे नाव आहे त्या क्लेमेंतला पकडायला आलेल्या सिसिन्नियसचे नोकर भ्रमिष्ट होऊन दगडी खांबच ओढत आहेत आणि धनी त्यांना अस्सल शिव्या हासडतो आहे. इटालियन बोलीचे लिखित रूप जिथे आढळते अशा सर्वांत जुन्या मजकुरांपैकी हा एक. चर्चच्या भिंतीवर शिव्या लिहून ठेवणाऱ्या त्या चित्रकाराचा जीव बोलभाषेवर असणार. आणखी खाली उतरले की पहिल्या शतकातले रोम. दोन इमारतींमधला अरुंद बोळ, खरा रस्ता, आता जमिनीखाली. एका बाजूला मोठ्या तूफा दगडांची भिंत, दुसऱ्या बाजूला विटांच्या घरात मिथ्र देवाचे मंदिर : दोन्हीकडे बसायचे कट्टे, मध्ये बैल मारणाऱ्या मिथ्राची वेदी. आणि कुठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज. १८५७ मध्ये खोदकाम सुरू करणारे फादर जोसेफ मुलूली आयर्लंडचे दोमिनिकन धर्मगुरू होते. १६७७ पासून हे चर्च त्यांच्या संघाकडे आहे. खाली साचणारे पाणी काढून द्यायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना प्राचीन गटारापर्यंत भुयार खणावे लागले. वेगळ्या देवांना मानणारी माणसे हातभर बोळाच्या अल्याडपल्याड कशी नांदत, हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे उभे राहिले की कळते.

व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्सच्या खाली काय आहे, यावर पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण आहे. १९३९ मध्ये पोप अकरावे पायस यांच्या कबरीसाठी जागा करताना फरशीखाली जुन्या विटांचे बांधकाम लागले. पोप बारावे पायस यांनी युद्ध चालू असतानाच गुपचूप खोदकाम करवले. खाली एक पूर्ण स्मशानगल्ली निघाली, वीसहून अधिक थडगीघरांची, बहुतेक रोमच्या जुन्या देवांना मानणाऱ्या कुटुंबांची. त्यांतल्या एका लहान घराच्या छतावर द्राक्षवेलींच्या मध्ये रथात बसलेला सूर्य आहे, ख्रिस्ताच्या रूपातला. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात ही गल्ली मातीने भरून, टेकडी कापून त्यावर चर्च बांधले. इतकी अडचणीची जागा त्याने निवडली, कारण मुख्य वेदीच्या बरोबर खाली इ. स. १६० च्या सुमाराचे एक छोटे स्मारक होते आणि ते लोक पेत्राचे मानत होते. तिथली हाडे पेत्राची आहेत, असे मार्गेरिता ग्वार्दुच्ची या विदुषीने मांडले आणि १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तसे जाहीर केले. अभ्यासकांमध्ये त्यावर आजही एकमत नाही. माझ्या दृष्टीने हाडांपेक्षा ते स्मारक मोलाचे. पेत्राच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांत, ख्रिस्ती असणे हा गुन्हा असताना, कोणीतरी परक्या थडग्यांच्या गर्दीत ही जागा राखली.

कॉन्स्टंटाइननंतरची कथा सर्वज्ञात आहे. इ. स. ३१२ ची मिल्व्हियन पुलावरची लढाई, ३१३ चे मिलानचे फर्मान, लातेरानोचे महामंदिर, ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म. या वैभवशाली चर्चांना पुस्तकात जागा आहे, पण कमी. त्यांची माहिती कुठेही मिळते.

मराठी माणसाचा या शहराशी संबंध जुना आहे. क्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोममध्येच येशूसंघात दाखल झाले. तीन वर्षांनी, १५७८ च्या मे महिन्यात, सालारियाच्या रस्त्यालगत मजुरांना खोदताना एक विसरलेले कॅटाकोंब लागले आणि अवघे रोम ते बघायला लोटले; भूमिगत रोमचा आधुनिक शोध तिथून सुरू होतो. १५७९ मध्ये स्टीफन्स गोव्यात पोचले. आपल्या भाषेतले ख्रिस्ती वाङ्मय रोमच्या ज्या पिढीकडून आले, तिनेच ही भुयारे पुन्हा उघडली.

आता प्रवासाचे. कॅटाकोंबमध्ये एकट्याने फिरता येत नाही, वाटाड्याबरोबर गटाने जावे लागते आणि फोटो काढू देत नाहीत. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा आहे आणि हिवाळ्यात ती काही आठवडे बंद असतात, म्हणून आधी चौकशी करावी. आत उन्हाळ्यातही गारवा असतो. शाल जवळ ठेवावी. जिने बरेच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी, कोंदट जागेत जीव घाबरणाऱ्यांनी विचार करून उतरावे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सेंट पीटर्सखालच्या उत्खननात रोज अगदी मोजके लोक सोडतात. त्यासाठी व्हॅटिकनच्या उत्खनन कार्यालयाकडे काही महिने आधी अर्ज करावा, विमानाचे तिकीट काढण्याआधी केला तर उत्तम. यहुदी कॅटाकोंबही आहेत, भिंतींवर सात फाट्यांचे दीपवृक्ष रंगवलेले. प्रवेश मिळत असेल तर ती चुकवू नयेत, कारण पहिली मंडळी त्याच वस्त्यांतून निघाली.

वसई, मुंबई, गोवा, पुणे, अहिल्यानगर इथून दरवर्षी पवित्र भूमी आणि रोमच्या यात्रा निघतात. त्यांत रोमच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवस येतात आणि ते सेंट पीटर्सचा चौक, सिस्टाइन चॅपेल, कोलोसियम आणि त्रेव्हीचे कारंजे यांतच संपतात. एवढा खर्च आणि एवढा प्रवास करून गेलेल्या माणसाला सान क्लेमेंतेचा जिना आणि सान कालिस्तोचे बोळ न बघता परत आणणे मला अन्याय वाटतो. यात्रा आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की रोमसाठी पुरते चार दिवस ठेवा आणि त्यांतला एक पूर्ण दिवस आप्पियाच्या रस्त्यावर द्या. आणि यात्रेला निघणाऱ्या वाचकांनी पैसे भरण्यापूर्वी तो दिवस कार्यक्रमपत्रिकेत आहे की नाही हे विचारून घ्यावे. नसेल तर आग्रहाने मागून घ्यावा.